खापरखवल्या: वीतभर मातीत राहणाऱ्या सापापुढची संकटे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटमाथ्यावरील आपल्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर दर पावसाळ्यात काळपट, तुकतुकीत आणि शेपूट छाटल्यासारखे दिसणारे वीत-दीड वीत लांबीचे साप चिरडलेले आढळतात. गावात त्यांना कोणी मांडूळ म्हणते, तर कोणी फुरशाचे पिल्लू. आसपासचे जंगल आपल्या लहानपणी होते तेवढेच आहे. मग हा साप संकटात आहे असे जे म्हटले जाते ते कशाच्या आधारावर, आणि शाळेतील मुलांना बरोबर घेऊन आपण त्यासाठी काय करू शकता? गेली वीस-बावीस वर्षे मी सह्याद्रीतील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी घेतो आहे आणि ‘जंगल तेवढेच आहे’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. खरी गफलत त्याच वाक्यात असल्यामुळे उत्तरात मला त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागेल.

आधी ओळख. आपण वर्णन केलेला साप खापरखवल्याच आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. त्याच्या शेपटीचे टोक तिरपे कापल्यासारखे असून त्यावर खापराच्या तुकड्यासारखी खरबरीत ढाल असते. मांडूळ हा सपाटीवरचा, कोरड्या व भुसभुशीत जमिनीत राहणारा, हातभर किंवा त्याहून मोठा होणारा वेगळाच साप आहे, आणि फुरशाशी तर खापरखवल्याचा दुरूनही संबंध नाही. तो पूर्णपणे बिनविषारी असून हातात घेतल्यावरही चावत नाही. फार तर डोके लपवतो आणि शेपटीचे टोक पुढे करतो. या कुळातील सुमारे साठ जाती आज माहीत आहेत आणि त्या जगाच्या पाठीवर केवळ दोन ठिकाणी सापडतात: भारताच्या द्वीपकल्पात, त्यातही मुख्यतः पश्चिम घाटात, आणि श्रीलंकेत. महाराष्ट्रात प्रामुख्याने दिसतात ते मोठ्या खवल्यांचा खापरखवल्या आणि फिप्सनचा खापरखवल्या. पहिल्याच्या शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या पंधरा ओळी असतात, दुसऱ्याच्या सतरा. रस्त्यावर चिरडलेल्या सापावरूनही एवढे मोजता येते. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकाच्या घाटांत याच कुळातील एक काळा, चमकदार साप आहे. २०१६ मध्ये डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी तो स्वतंत्र जात म्हणून नोंदवला आणि पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव त्याला दिले.

फिप्सनच्या खापरखवल्याचे वर्णन १८८८ मध्ये झाले. हर्बर्ट फिप्सन हे मुंबईतील मद्यविक्रेते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सुरुवातीची अनेक वर्षे त्यांच्या सचिवपदाखाली गेली. त्या वर्णनात साप कोठे सापडला याची नोंद ‘मुंबईचे घाट’ एवढीच आहे. त्या काळचे संग्राहक असेच लिहीत असत आणि त्याचा त्रास आम्हाला अजून होतो, कारण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा साप नेमका कोणकोणत्या डोंगरांवर होता हेच निश्चित नसेल, तर आज तो कोठून नाहीसा झाला हे सांगणार कसे? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ वर्गात आहे. अशा जातींचे मूल्यांकन करताना डोकी मोजलेली नसतात, ती मोजता येत नाहीत. वावराचे क्षेत्र किती लहान आहे, ते किती तुकड्यांत विभागले आहे आणि त्या क्षेत्रातील अधिवासाचा दर्जा घसरतो आहे का, या तीन गोष्टी पाहून वर्ग ठरवला जातो. म्हणून ‘आमच्याकडे तर दर पावसाळ्यात दिसतो’ आणि ‘ही जात धोक्यात आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

आता या सापाच्या शरीराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावरील बहुतेक संकटांचे मूळ त्याच्या शरीराच्या रचनेत सापडते. इतर साप संपूर्ण अंगाने नागमोडी वळत पुढे जातात. खापरखवल्या बिळात शिरला की कातडीच्या आतल्या आत कणा दुमडतो. त्यामुळे शरीराचा पुढचा भाग जाड होऊन बिळाच्या भिंतींमध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो, त्या आधारावर टोकदार डोके मातीत रेटले जाते आणि मग मागचे शरीर ओढून घेतले जाते. कार्ल गान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की या सापाच्या पुढच्या भागातील स्नायू प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे गडद लाल आणि दमदार असतात, तर मागच्या भागातील स्नायू फिकट व दुर्बल असतात. त्यांनी त्याला मालगाडीची उपमा दिली: इंजिन पुढे, डबे मागे. त्याच्या खवल्यांचा पृष्ठभाग इतका सूक्ष्म नक्षीचा असतो की ओली मातीही अंगाला चिकटत नाही, आणि उन्हात धरल्यास त्यावर इंद्रधनुष्य उमटते. शेपटीच्या खरबरीत ढालीवर मात्र माती मुद्दाम चिकटून राहते आणि मागून येणाऱ्या शत्रूसाठी बिळाचे दार तिनेच बंद होते.

ही सारी रचना एका विशिष्ट प्रकारच्या मातीसाठी झालेली आहे. सावलीतली, ओलसर, मुळांनी सैल झालेली, वर पाचोळ्याची गादी असलेली आणि गांडुळांनी भरलेली माती त्याला लागते. गांडुळे हेच त्याचे जवळजवळ संपूर्ण अन्न आहे. पावसाळ्यात तो वरच्या वीत-दोन वीत थरात वावरतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडू लागली की खोल जातो. उष्णता त्याला मुळीच सोसत नाही. तो अंडी घालत नाही, एका वेळी मोजक्याच पिल्लांना जन्म देतो, आणि ती पिल्ले जन्मलेल्या जागेपासून फार दूर जात असावीत असे मला वाटत नाही. जंगल आपण खालून वर पाहतो आणि झाडे उभी दिसली की समाधान मानतो. या सापाच्या लेखी जंगल म्हणजे त्या झाडांखालचा वीतभर थर आहे, आणि वरचा हिरवेपणा कायम राहूनही तो थर बिघडू शकतो. आपण ज्याला ‘तेवढेच जंगल’ म्हणता, त्यात नेमके हेच झाले आहे का, हे तपासायला हवे.

रस्त्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याला मृत साप तेथेच दिसले. मुसळधार पावसात बिळे पाण्याने भरतात, गांडुळेही पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यापाठोपाठ खापरखवल्ये बाहेर पडतात. डांबरावर आल्यावर त्यांची मालगाडी रुळावरून घसरते. रेटा देण्यासाठी दोन्ही बाजूंना भिंती नाहीत, टोकदार डोके खुपसायला माती नाही. जमिनीत इतक्या सहजतेने सरकणारा हा प्राणी गुळगुळीत रस्त्यावर केविलवाणा वळवळत राहतो. धामण जो रस्ता काही क्षणांत पार करते त्यावर याची बरीच मिनिटे जातात. पहाटे बाहेर पडलेला साप उजाडेपर्यंत रस्ता ओलांडू शकला नाही आणि ढग फाटून ऊन पडले, तर वाहनाच्या चाकाचीही गरज उरत नाही. तमिळनाडूतील आनमलई डोंगरांमध्ये २००० सालच्या सुमारास रस्त्यांवर मरणाऱ्या उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी घेतल्या गेल्या, तेव्हा मृत सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये या कुळातील साप ठळकपणे आढळले होते. आपल्याकडे आंबोली किंवा ताम्हिणी घाटात पावसाळी पर्यटनाची गर्दी नेमकी जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी उसळते, म्हणजे साप वर येण्याचा आणि गाड्या वाढण्याचा हंगाम एकच आहे.

तरीही रस्त्यावरील मृत्यूंपेक्षा रस्त्याच्या कडेची रचना मला अधिक चिंताजनक वाटते. घाटरस्ता रुंद करताना डोंगराची बाजू उभी कापली जाते. त्या कापलेल्या भिंतीतून मातीतला ओलावा निथळून जातो आणि कडेची माती वाळून कडक होते. साइडपट्टीवर मुरूम दाबला जातो. त्याला लागून हातभर खोल, सरळ भिंतींचे काँक्रीटचे गटार बांधले जाते. अशा गटारात पडलेला खापरखवल्या बाहेर येऊ शकत नाही. त्याला चढता येत नाही आणि खणायला खाली माती नसते. एका वर्षी रुंदीकरण झालेल्या घाटातील नवीन गटारे आम्ही जुलैच्या एका पहाटे पायी तपासली. पाण्याच्या ओढीने जाळीपाशी जमलेल्या पाचोळ्यात देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर), बेडूक, खेकडे आणि खापरखवल्ये एकत्र गुंतलेले होते, काही अजून जिवंत. वरच्या डांबरावर मात्र त्या दिवशी एकही मृत साप नव्हता. म्हणजे रस्त्यावर काही सापडले नाही म्हणून रस्ता निर्धोक आहे असे समजता येत नाही. रस्त्याच्या दोन बाजूंची वस्ती अशा रीतीने एकमेकांपासून कायमची तुटते, आणि रुंद दरीप्रमाणेच रुंद रस्ताही या सापासाठी सरहद्द ठरतो.

दुसरे संकट आगीचे आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत घाटातील गवती उतारांवर वणवे लावले जातात; चांगले गवत उगवावे, शिकार दिसावी, बांधाकडची झाडी मोकळी व्हावी, अशी कारणे सांगितली जातात. वणव्याच्या क्षणी खापरखवल्या खोल असतो आणि बहुधा वाचतो, हे मान्य केले पाहिजे. ‘आगीत साप जळाले’ अशी चित्रे समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांत हा साप सहसा नसतो. त्याचे नुकसान नंतर होते. पाचोळ्याची गादी जळून गेल्यावर पहिल्या पावसाचे थेंब थेट उघड्या मातीवर आपटतात, वरचा सुपीक थर वाहून जातो, उरलेल्या मातीवर पापुद्रा धरतो आणि गांडुळे कमी होतात. दरवर्षी आग लागणाऱ्या जंगलाच्या कडेला खणून पाहा आणि शंभर पावले आत जाऊन पुन्हा खणून पाहा. फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन, भाजण्यासाठी कवळ (झाडांच्या फांद्या) तोडणे आणि पाचोळा गोळा करणे या जुन्या प्रथेचा परिणामही याच दिशेने होतो. पण तिला मी वणव्याच्या पंक्तीला बसवणार नाही. ती ठरावीक जागेपुरती असते, आणि भातशेती कमी होत गेल्याने ती आपोआप मागे पडली आहे.

लागवडीविषयी मात्र सरसकट विधान करता येत नाही, आणि याबाबत काही संवर्धकांशी माझे मतभेद आहेत. जुन्या पद्धतीच्या सुपारीच्या बागांत, सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांत, परसातल्या खताच्या खड्ड्याजवळ, केळीच्या बुंध्याशी खापरखवल्ये सापडतात. काही ठिकाणी तर जवळच्या जंगलापेक्षा अधिक सहज सापडतात. त्यावरून ‘हा साप शेतीशी जुळवून घेतो’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. मला वाटते तेथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. बागेत खणणे, पाणी देणे रोजचे असते, म्हणून साप नजरेस अधिक पडतो. शिवाय प्रौढ साप दिसणे आणि तेथे पिढ्या टिकणे यांत अंतर आहे. लहान पिल्ले आणि गाभण माद्या दोन्ही वर्षानुवर्षे दिसत राहिल्या तरच मी त्या बागेला अधिवास म्हणेन. एवढे खरे की सावली, ओलावा आणि पाचोळा राखणारी बाग सपाट केलेल्या डोंगरउतारापेक्षा कितीतरी चांगली.

त्या बागेतही एक अडचण आहे. सुपारीवरील कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. त्यातील तांबे विघटन पावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फवारणी झालेल्या मातीत ते साचत जाते, आणि जास्त तांबे असलेल्या मातीत गांडुळे कमी होतात हे जगभरच्या द्राक्षमळ्यांच्या अनुभवातून कळलेले आहे. फोरेटसारखी दाणेदार कीटकनाशके तर सरळ मातीतच घातली जात. भारतात फोरेटच्या वापरावर २०२० अखेरीस बंदी आली, ही चांगली गोष्ट झाली. ज्याचे अन्न जवळजवळ केवळ गांडूळ आहे आणि ज्याचे पोट दिवसभर त्याच मातीला घासते, त्या प्राण्याच्या शरीरात या रसायनांचे काय होते याची तपासणी करण्याइतका निधी सापावर खर्च करायला फारसे कोणी तयार होत नाही.

रबर आणि अननस यांची गोष्ट निराळी आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी परिसरात गेल्या काही वर्षांत मोठे खाजगी जंगलपट्टे यंत्रांनी साफ करून त्यांवर पायऱ्यांसारखे सपाट पट्टे काढून ही लागवड झाली. येथे आधी झाडे जातात, मग जेसीबीचा दाता वरचा थर उलटापालटा करतो आणि पावसाळ्यात ती सैल माती ओढ्यात जाते. पाच वर्षांनी रबराची हिरवी छत्री उभी राहते आणि उपग्रहाच्या चित्रात तो भाग पुन्हा वनाच्छादित दिसतो. आपले ‘जंगल तेवढेच आहे’ हे निरीक्षण अशा चित्रांवर किंवा रस्त्यावरून दिसणाऱ्या हिरवाईवर आधारलेले असेल, तर ते पुन्हा तपासा. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग राखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोडीविरुद्ध आदेश दिलेले आहेत. भ्रमणमार्ग म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाघ येतो, हे स्वाभाविक आहे. त्याच आदेशामुळे वाचणाऱ्या मातीचा लाभ खापरखवल्याला आपसूक मिळतो.

फार्महाउससाठी होणारे सपाटीकरण याहून लहान प्रमाणावर पण अनेक ठिकाणी चालते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. महाबळेश्वरच्या नावाने मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याची एक उपजात १९५५ मध्ये नोंदवली गेली होती, म्हणून त्या पठाराविषयी मला विशेष आस्था आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइटच्या खाणींचाही येथे उल्लेख केला पाहिजे. खाण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर असते, आणि सड्यावरच्या कातळात खापरखवल्या राहत नाही, असे समर्थन मी ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे. जांभ्याचा सडा पावसाचे पाणी झिरपवून त्याच्या कडेच्या जंगलाला महिनोन्‌महिने ओलावा पुरवतो. सडा खणला की कडेची माती डिसेंबरऐवजी नोव्हेंबरातच सुकू लागते, आणि या सापाच्या वर्षातील कामाचे दिवस तेवढे कमी होतात.

हवामानाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण अलीकडे प्रत्येक गोष्ट त्याच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय लागली आहे. तरी तो टाळता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्याच दिवसांत महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. मनुष्यहानी झालेल्या त्या घटना सर्वांच्या लक्षात आहेत. पण त्या आठवड्यात सह्याद्रीच्या निर्जन उतारांवर अशा शेकडो दरडी घसरल्या, ज्यांची बातमी झाली नाही. दरड म्हणजे हजारो वर्षांत साचलेला मातीचा थर मुळांसकट खाली जाणे. त्याजागी उरणारा नागडा खडक पुन्हा मातीने झाकला जाण्यास जो काळ लागतो तो आपल्या हिशेबात बसणारा नाही. अतिवृष्टीच्या जोडीला पावसाळ्याच्या मध्येच येणारे दीर्घ कोरडे खंडही या सापाला घातक आहेत, कारण वरचा थर सुकला की ऐन खाण्याच्या हंगामात त्याला उपाशी खाली जावे लागते. उत्तर सह्याद्रीच्या बऱ्याच भागात घाटमाथा हजार-बाराशे मीटरच्या आसपास संपतो. थंड हवेच्या शोधात आणखी वर सरकण्यासाठी त्याला डोंगरच उरत नाही.

या सर्वांहून वेगळे एक संकट कागदावरचे आहे आणि त्याचा मला मनापासून राग आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करावे लागते, आणि त्यासाठीची आधारभूत माहिती बहुधा पावसाळा वगळून एका हंगामाची घेतली जाते. हवा आणि पाण्याच्या प्रदूषणासाठी ते सोयीचे असेल. पण ज्या प्राण्याचे दर्शन मुळात पावसाळ्यातच होते, त्याची मार्च महिन्यातील यादीत नोंद होणार कशी? घाटमाथ्यावरील एका प्रकल्पाचा असा अहवाल माझ्या हाती आला होता. सापांच्या यादीत नाग, घोणस, धामण आणि दिवड अशी चार नावे होती. त्याच जागेपासून हाकेच्या अंतरावर आदल्या जुलैत मी दोन जातींचे खापरखवल्ये पाहिले होते. अहवाल लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. त्याला खरोखरच दिसले नसतील. न दिसणे आणि नसणे यांतील फरक आमच्या क्षेत्रात पहिल्याच वर्षी शिकवला जातो, आणि मंजुरीच्या टेबलावर तो सर्वांत आधी विसरला जातो.

जातींच्या वर्गीकरणातील गोंधळही याच कागदी संकटाचा भाग समजा. ज्या काळ्या सापाला २०१६ मध्ये खैरे यांचे नाव मिळाले, त्याचे नमुने आधी दक्षिणेकडील दुसऱ्या एका जातीचे म्हणून गणले जात. एका जातीच्या दोन झाल्या की दोघींचे क्षेत्र आपोआप आक्रसते, आणि ‘केरळपासून कोल्हापूरपर्यंत आढळतो, चिंता नको’ हे समाधान संपते. पश्चिम घाटात अशी आणखी विभागणी होणार याविषयी माझ्या मनात शंका नाही.

माणसाच्या थेट त्रासाचे प्रमाण या साऱ्यात कमी आहे, पण ते शून्य नाही. फुरशाचे पिल्लू समजून मारणे चालूच आहे. मांडुळाच्या बेकायदा व्यापारापायी डोंगरात ‘दुतोंड्या’ शोधत फिरणारे लोक खापरखवल्याही पिशवीत टाकतात आणि किंमत मिळत नाही असे कळले की कोठेतरी भलत्याच ठिकाणी सोडून देतात. आणि आमच्याच पंथातील मंडळी, म्हणजे पावसाळी रात्री कॅमेरे घेऊन फिरणारे हौशी सर्पप्रेमी, दगड आणि कुजके ओंडके उलटवतात आणि तसेच सोडून पुढे जातात. उलटवलेल्या ओंडक्याखालची ओल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाहीशी होते. ज्याला ओंडका पूर्ववत ठेवण्याचा कंटाळा आहे त्याने तो उचलू नये.

आता आपण काय करू शकता. सर्वांत उपयुक्त काम नोंदवहीचे आहे. शाळेकडे येणाऱ्या रस्त्याचा एक ठरावीक टप्पा, समजा एक किलोमीटर, निवडा आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातील ठरलेल्या दिवशी सकाळी लवकर मोठ्या माणसांसोबत पायी तपासा. काही सापडले नाही तरी त्या दिवशीची ‘काही नाही’ अशी नोंद अवश्य करा; अशा कोऱ्या दिवसांखेरीज बाकी आकड्यांना अर्थ येत नाही. आदल्या रात्रीचा पाऊस, जागा, रस्त्याची कोणती बाजू आणि गटाराचा प्रकार लिहा. तीन पावसाळ्यांची अशी वही हाती असेल, तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नेमक्या दोनशे मीटरच्या पट्ट्यासाठी गटाराला उतरती कड किंवा दगडी चढण मागता येते, आणि वन विभागाकडे त्या पट्ट्यात पावसाळी रात्री वाहनांचा वेग कमी करण्याची मागणी करता येते. ‘घाटात साप मरतात’ या अर्जावर कोणी काही करत नाही. ‘अमुक वळणापासून तमुक मोरीपर्यंत’ असे लिहिलेल्या अर्जावर निदान माणूस पाहायला येतो.

जिवंत साप रस्त्यावर दिसला तर तो ज्या दिशेने जात होता त्याच बाजूला, गटाराच्या पलीकडे, पाचोळ्याखाली ठेवा. दूरच्या ‘चांगल्या जंगलात’ नेऊन सोडू नका, तेथील माती आणि तेथील साप त्याच्या ओळखीचे नाहीत. थोडा वेळ ठेवावाच लागला तर कोरड्या बाटलीत किंवा पाण्यात न ठेवता ओलसर मातीच्या डब्यात, सावलीत ठेवा. मृत साप उचलून स्पिरिटच्या बरणीत ठेवण्याचा मोह शाळांना होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यासाठी परवानगी लागते, त्यामुळे छायाचित्रावर भागवा. छायाचित्रे तीन हवीत: डोके वरून, शरीराचा मध्य बाजूने, आणि शेपटीची ढाल अगदी जवळून, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून. बहुतेक लोक डोक्याचेच दहा फोटो पाठवतात. ओळख पटवायला आम्हाला शेपटी लागते.